पाणावलेले डोळे आणि सुधारलेला मसुदा: कट्टर विरोधकांच्या वाटाघाटींत जिव्हाळा नेमका कुठे कामी येतो

प्रश्न असा आहे: एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले दोन नेते वाटाघाटींना बसतात, तेव्हा वैयक्तिक जिव्हाळ्याने गाठ खरंच सुटते का, की ते सगळं फोटोपुरतं असतं? सुटत असेल तर मध्यस्थाने प्रत्यक्षात करायचं काय?

फरक पडतो, पण लोक समजतात त्या जागी नाही. जिव्हाळ्याने कुणाची मागणी बदलत नाही. जमीन, सैन्य, घरचे मतदार यांचं गणित कुणी गोड बोलण्यावर सोडून देत नाही. जिव्हाळ्याने होतं ते एवढंच, की उठून जायला निघालेला माणूस आणखी एक दिवस थांबतो आणि न वाचता परत केलेला कागद पुन्हा हातात घेतो. त्या घडीला हातात द्यायला सुधारलेला मसुदा तयार असावा लागतो. नसेल, तर पाझरलेलं मन तासाभरात पुन्हा घट्ट होतं, आणि पुढच्या वेळी ते पाझरतही नाही, कारण आपल्याला हळवं केलं गेलं याची जाणीव त्या माणसाला झालेली असते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण कॅम्प डेव्हिडचं. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन या एकमेकांशी युद्धं लढलेल्या देशांच्या नेत्यांना शांततेच्या वाटाघाटींसाठी मेरीलँडच्या डोंगरातल्या त्या विश्रामस्थानी ५ ते १७ सप्टेंबर १९७८ असे तेरा दिवस ठेवून घेतलं. त्यातली शेवटच्या दिवसाची गोष्ट बहुतेक ठिकाणी अर्धीच सांगितली जाते. अर्धी गोष्ट अशी: करार मोडायच्या बेतात होता, कार्टर यांनी बेगिन यांच्या नातवंडांसाठी सही केलेले फोटो नेऊन दिले, बेगिन यांचे डोळे पाणावले आणि करार झाला.

पूर्ण गोष्ट वेगळी आहे. जेरुसलेमबाबत अमेरिकेची भूमिका (पूर्व जेरुसलेमवरचा इस्रायलचा ताबा तिला मान्य नव्हता) सांगणारं एक पत्र देण्याचा शब्द कार्टर यांनी सादात यांना दिला होता. त्याचा मसुदा शेवटच्या दिवशी इस्रायली शिष्टमंडळाने पाहिला आणि बेगिन यांनी सहीच करणार नाही अशी भूमिका घेतली. दरम्यान बेगिन यांनी नातवंडांसाठी तिन्ही नेत्यांच्या फोटोवर सह्या मागितल्या होत्या. सादात यांनी सह्या करून दिल्या होत्या. कार्टर यांच्या सचिव सुझन क्लफ यांना सुचलं, की नुसती सही कशाला, प्रत्येक मुलाचं नाव घालू या. त्यांनी इस्रायलला फोन लावून नावं मिळवली आणि कार्टर यांनी एकेका फोटोवर एकेक नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. ते फोटो घेऊन ते स्वतः बेगिन यांच्या निवासापर्यंत चालत गेले. बेगिन यांनी वरच्या फोटोवर नातीचं नाव पाहिलं, मोठ्याने उच्चारलं, मग एकेक फोटो घेऊन प्रत्येक नाव वाचलं. त्यांचे ओठ थरथरले. दोघं काही मिनिटं नातवंडांविषयी आणि युद्धाविषयी बोलले.

आणि त्यानंतर बेगिन यांनी सौम्य शब्दांत सांगितलं, की ते पत्र आपल्याला मान्य करता येणार नाही.

हा नकार गोष्टीतून गळतो आणि तिथेच सगळं शिकण्यासारखं हरवतं. कार्टर तेवढ्यावर भिजलेल्या मनाचा फायदा घ्यायला गेले नाहीत. पत्राचा नवा मसुदा इस्रायली सहकाऱ्यांकडे आधीच दिला आहे, तो वाचा आणि कळवा, एवढंच त्यांनी सांगितलं. सादात यांना दिलेला शब्द मात्र मागे घेता येणार नाही, हेही स्पष्ट केलं, आणि निराश होऊन परत गेले. नव्या मसुद्यात अमेरिकेची जेरुसलेमविषयीची भूमिका शब्दशः लिहिलेली नव्हती. १४ जुलै १९६७ रोजी आणि १ जुलै १९६९ रोजी संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेच्या राजदूतांनी जी मांडली तीच कायम आहे, असा फक्त संदर्भ होता. अर्थ तोच, पण बेगिन यांना डोळ्यांसमोर खुपणारी वाक्यं गेलेली. थोड्या वेळाने बेगिन यांचा फोन आला: पत्र मान्य आहे.

फोटो नसते तर तो मसुदा त्या मनःस्थितीत वाचला गेला असता का, याची मला शंका आहे. पण मसुदा तोच जुना असता तर नातवंडांची नावं वाचूनही बेगिन ठाम राहिले असते, याविषयी शंका नाही. त्यांनी तसं तोंडावर सांगितलंच होतं.

आता यातून करायचं काय ते बघू. पहिली बाब तयारीची. कार्टर यांनी दोघांच्या स्वभावावर गुप्तचर खात्याकडून टिपणं मागवली होती. तुमच्याकडे असं खातं नसेल, पण दोन्हीकडच्या माणसांना विचारून प्रत्येक नेत्याविषयी दोन पानं लिहून काढता येतात. त्यात त्याच्या मागण्या लिहायच्या नाहीत, त्या सगळ्यांना माहीत असतात. लिहायचं ते हे: झोपतो कधी, उठतो कधी, काय खात नाही, कोणत्या वेळी प्रार्थना किंवा पूजा असते, कुणाचं ऐकतो, कशाचा अभिमान आहे, आणि घरातलं कोण गेलं आहे. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. बेगिन यांचे आईवडील आणि मोठा भाऊ नाझींच्या हत्याकांडात मारले गेले होते. सादात यांचा धाकटा भाऊ, वैमानिक, इस्रायलविरुद्धच्या १९७३ च्या युद्धात पहिल्याच दिवशी पडला होता. ज्या माणसाच्या घरात असं दुःख आहे त्याच्यासमोर ‘झालं गेलं विसरा’ हे वाक्य उच्चारायचंच नाही. त्या दुःखाचा तुम्ही स्वतःहून विषयही काढायचा नाही. त्याने काढला तर ऐकायचं, आणि ऐकून झाल्यावर लगेच मुद्द्यावर यायचं नाही.

दुसरी बाब: जिव्हाळ्याचं रूप माणसागणिक वेगळं असतं. कॅम्प डेव्हिडला कार्टर जीन्स घालून फिरत, पण बेगिन जवळजवळ सगळा काळ कोट-टायमध्येच होते. ते वकिली वळणाचे, शब्द न् शब्द तपासणारे. अशा माणसाच्या खांद्यावर हात टाकणं म्हणजे सलगी नाही, आगाऊपणा. त्याला आपुलकी वाटते ती त्याच्या शब्दाला, पदाला, शिष्टाचाराला मान दिल्याने. सादात याउलट मोठ्या चित्रात रमणारे, मैत्रीची भाषा बोलणारे. त्यांच्याशी कार्टर यांचं लवकर जमलं. हे जमणंही धोक्याचं असतं: मध्यस्थ एकाशी मोकळा आणि दुसऱ्याशी औपचारिक दिसला, की दुसऱ्याच्या माणसांना लगेच वास येतो. म्हणून हिशेब ठेवावा. एकाबरोबर चाळीस मिनिटं फिरायला गेलात तर दुसऱ्याला त्याच दिवशी तेवढाच वेळ, त्याला रुचेल अशा रीतीने.

आपल्याकडे मराठीत हीच चूक संबोधनात होते. दोन गटांची बैठक लावणारा माणूस एकाला ‘अण्णा’ म्हणतो आणि दुसऱ्याला आडनावापुढे ‘साहेब’ लावतो. त्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्याला कोण घरचा आणि कोण परका ते कळलेलं असतं. दोघांना एकच पातळी ठेवावी. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी यायचं ते त्या दोघांनी आपसांत ठरवावं, मध्यस्थाने नाही.

तिसरी बाब लोकांना पटत नाही, पण ती खरी आहे: दोन विरोधकांमध्ये मैत्री झालीच पाहिजे असं नाही. कॅम्प डेव्हिडला सुरुवातीला तिघांच्या एकत्र बैठका झाल्या. ७ सप्टेंबरला बेगिन आणि सादात यांचं इतकं कडाक्याचं वाजलं, की त्यानंतर जवळजवळ शेवटपर्यंत दोघांना वाटाघाटीसाठी समोरासमोर बसवलंच नाही. अमेरिकन चमूने एकच मसुदा तयार केला आणि कार्टर तो घेऊन आलटून पालटून दोघांकडे जात राहिले. या मसुद्याच्या तेवीस आवृत्त्या झाल्या. जिव्हाळा होता तो मध्यस्थ आणि प्रत्येक नेता यांच्यात, दोन वेगळ्या धाग्यांनी. मध्ये १० सप्टेंबरच्या रविवारी दोघांना अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणांगणावर नेलं. तिथे बेगिन यांनी लिंकन यांचं तिथलंच प्रसिद्ध भाषण तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्या सहलीने एकही कलम पुढे सरकलं नाही, सरकणारही नव्हतं. पण तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं एका गाडीतून गेली आणि आली.

एकत्र आणण्याची घाई करणाऱ्यांनी १९७७ चं वर्षही आठवावं. नोव्हेंबरात सादात जेरुसलेमला गेले, तेव्हा त्यांना नुकतीच नात झाली होती, आणि इस्रायलच्या माजी पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी एका आजीकडून नव्या आजोबांना म्हणून त्या बाळासाठी भेटवस्तू दिली. सगळं जग गहिवरलं. महिनाभराने, नाताळाच्या दिवशी, बेगिन आणि सादात इजिप्तमध्ये इस्माईलिया इथे भेटले आणि बोलणी फसली. भावना होती, पण दोघांपुढे ठेवायला सामायिक असा मसुदा नव्हता.

चौथी बाब भीतीची. ताठर माणूस बहुतेकदा रागावलेला नसतो, घाबरलेला असतो, आणि नेमकी कसली भीती आहे ते विचारणं हाच खरा जिव्हाळा. १५ सप्टेंबरला सादात सामान बांधून निघाले होते. कार्टर एकटे त्यांच्याकडे गेले. निघून गेलात तर अमेरिका आणि इजिप्त यांचे संबंध तुटतील आणि आपली मैत्रीही संपेल, असं त्यांनी सांगितलं. पण नुसत्या मैत्रीच्या दुहाईवर सादात थांबले असं समजू नये. त्यांची अडचण व्यावहारिक होती: इस्रायल सही करणार नसेल, तर आपण कागदावर दिलेल्या सवलती तेवढ्या उरतील आणि पुढच्या बोलणीत तिथूनच सुरुवात होईल. कार्टर यांनी त्यावर नेमका उतारा दिला. कोणत्याही देशाने कराराचा कोणताही भाग नाकारला तर सगळेच प्रस्ताव रद्द समजले जातील. सादात राहिले. तुमच्या बैठकीतही कुणी उठून निघाला तर त्याला दारात अडवून भावनिक बोलू नका. दहा मिनिटांनी एकट्याने जा, सोबत सचिव किंवा मोबाइल नको, आणि पहिला प्रश्न हा विचारा: इथे राहिलात तर उद्या तुमचं काय नुकसान होईल? उत्तर मिळालं की ते एका कलमात बसवा. बसलं तर माणूस थांबतो.

जागा आणि वेळ याविषयी थोडं. नोव्हेंबर १९८५ मध्ये जिनिव्हाला अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आणि सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह पहिल्यांदा भेटले. पहिली खासगी भेट पंधरा मिनिटांची ठरली होती, ती तासाभराहून लांबली. फक्त दोघं आणि दुभाषे. नंतर रेगन त्यांना तळ्याकाठच्या लहानशा पूल-हाउसमध्ये घेऊन गेले, जिथे शेकोटी पेटवून ठेवलेली होती. परत येताना, गाड्यांजवळ उभं असतानाच, एकमेकांच्या देशाला भेट द्यायचं ठरून गेलं. शस्त्रांच्या प्रश्नावर त्या दिवशी काहीही सुटलं नाही. पुढच्या ऑक्टोबरात आइसलँडमध्ये रेकयाविकला बोलणी अमेरिकेच्या अंतराळ संरक्षण प्रकल्पावर मोडली. तरी दोघं पुन्हा भेटले आणि ८ डिसेंबर १९८७ रोजी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारावर सह्या झाल्या. त्यानुसार १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली, आणि एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करण्याची सोय त्याच करारात होती. जिनिव्हाच्या शेकोटीचा उपयोग झाला तो रेकयाविकनंतर: मोडलेली बोलणी पुन्हा जोडता येतील एवढी ओळख दोघांत उरली होती.

अशी भेट बसवायची असेल तर मुख्य इमारतीपासून चालत पाच-सात मिनिटांवर एखादी खोली बघा. चालण्याचा वेळ फार मोलाचा, कारण चालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. खुर्च्या समोरासमोर नकोत, काटकोनात ठेवा. दुभाषी असेल तर प्रत्येक वाक्य दोनदा होतं, म्हणून तासाभराच्या बैठकीत अर्ध्या तासाचंच बोलणं होतं हे धरून चला, आणि दुभाष्याला आधीच सांगा की मवाळ करून सांगायचं नाही. पहिल्या भेटीला विषयपत्रिका नको, टिपणं घेणारा नको. जेवण ठेवाल तर दोघांना चालेल असंच: एकाच्या ताटात न चालणारा पदार्थ असला तर त्याला आपला विचार झालेला नाही एवढंच लक्षात राहतं. दारू टाळा. पेल्यावर दिलेला शब्द सकाळी नाकारला जातो आणि मग आधी होता तोही विश्वास जातो.

कॅमेरा पूर्ण बंद. कॅम्प डेव्हिडला पत्रकारांना आत प्रवेश नव्हता आणि सगळ्यांच्या वतीने एकच प्रवक्ता बोलत होता. कारण साधं आहे: नेता कॅमेऱ्यासमोर आपल्या घरच्या लोकांशी बोलतो, समोरच्या माणसाशी नाही. जुलै २००१ मध्ये आग्र्याला अटलबिहारी वाजपेयी आणि परवेझ मुशर्रफ यांची बोलणी चालू असताना मुशर्रफ यांची संपादकांबरोबरची न्याहारी दूरचित्रवाणीवर दिसली आणि त्यानंतर खोलीत लवचीक व्हायला दोघांनाही फार थोडी जागा उरली.

भेटवस्तू द्यायची असेल तर स्वस्त, खासगी आणि मेहनतीची. नाव लिहिलेल्या फोटोची किंमत काही नव्हती, पण कुणीतरी ती नावं शोधून काढायची तसदी घेतली हे बेगिन यांना एका नजरेत कळलं. महाग वस्तू परत करावी लागते, नाहीतर तिची चर्चा होते. वस्तू देताना मागणी जोडायची नाही. त्याच श्वासात नाही, त्याच भेटीत नाही. मसुदा आधीच दुसऱ्या हाताने पोहोचलेला असावा. आणि एखादा नेता तुमच्यासमोर हळवा झाला असेल, तर ते कुणालाही सांगायचं नाही. आपल्याच सहकाऱ्यालाही नाही. बाहेर फुटलं, तर त्याची माणसं म्हणतात ‘सेटिंग झालं’, आणि मग आपण विकलो गेलो नाही हे दाखवण्यासाठी तो आधीपेक्षा कडक होतो.

आता जिव्हाळा उलटतो कसा ते. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे सदिच्छेच्या भरात अस्पष्टता सोडून देणं. १६ सप्टेंबरच्या रात्री उशिरा कार्टर आणि बेगिन यांच्यात इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमध्ये नव्या इस्रायली वसाहती थांबवण्यावर बोलणं झालं. तिथल्या पॅलेस्टिनींच्या स्वायत्ततेची बोलणी चालू असेपर्यंत वसाहती थांबतील असा शब्द मिळाला, असं कार्टर समजून उठले. बेगिन यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी कबूल केले होते तीनच महिने. पत्र आलं ते तीन महिन्यांचं. हा वाद मिटण्याआधीच करारावर सह्या होऊन गेल्या होत्या. तेरा दिवस शब्दाशब्दावर झगडलेल्या चमूकडून हे घडलं, कारण रात्र झाली होती, सगळे थकले होते आणि वातावरण चांगलं होतं. मला ही चूक त्या सबंध प्रकरणातली सगळ्यात दुःखद वाटते, कारण तिची किंमत खोलीत नसलेल्या लोकांनी मोजली. उपाय अगदी छोटा आहे. मन मोकळं झालेल्या प्रत्येक बोलण्यानंतर झोपण्याआधी दोन-तीन ओळी लिहायच्या: काय, कोण, कधीपासून, कधीपर्यंत. त्या त्याच माणसाला वाचून दाखवायच्या आणि त्याचं ‘हो’ घ्यायचं. ‘कधीपर्यंत’ ही ओळ लिहायला संकोच वाटतो, समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. तरीही लिहायची.

दुसरा प्रकार: ज्याच्याशी जिव्हाळा जुळला त्याच्या हातात सगळी सत्ता नसणं. फेब्रुवारी १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बसने लाहोरला गेले, मिनार-ए-पाकिस्तानला भेट दिली, नवाझ शरीफ यांच्याबरोबर जाहीरनाम्यावर सही केली. ती आपुलकी खोटी नव्हती. पण पाकिस्तानी लष्कर त्या आपुलकीत सामील नव्हतं, आणि मे महिन्यात कारगिलच्या डोंगरांवरची घुसखोरी उघड झाली. समोरच्या बाजूला नकार द्यायची ताकद कुणाकुणाकडे आहे याची यादी करा, आणि त्या प्रत्येकाशी तुमच्या बाजूचं कुणीतरी आधी बोललेलं आहे का ते तपासा. नेत्यांच्या खालच्या फळीतली ओळख अनेकदा जास्त टिकते. दक्षिण आफ्रिकेत जून १९९२ च्या बोईपाटाँग हत्याकांडानंतर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने वर्णभेदी राजवट संपवण्याची बोलणी थांबवली, तेव्हा तिचे नेते नेल्सन मंडेला आणि अध्यक्ष डी क्लार्क यांच्यातले संबंध ताणलेले होते. पण काँग्रेसचे सिरिल रामाफोसा आणि सरकारचे रुल्फ मेयर या दोन मुख्य वाटाघाटीकारांनी एकमेकांशी बोलणं चालू ठेवलं आणि २६ सप्टेंबरला सामंजस्याची नोंद झाली.

तिसरा प्रकार नेत्याच्या घरचा. सादात यांचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद इब्राहिम कामेल यांनी कराराला विरोध म्हणून कॅम्प डेव्हिडलाच राजीनामा दिला. ज्याला घरी जाऊन तोटा समजावून सांगायचा आहे तो माणूस खोलीबाहेर राहिला, की नेता एकटा पडतो. याबाबत जानेवारी १९६६ चं ताश्कंद पाहण्यासारखं आहे. सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सी कोसिगिन १९६५ च्या युद्धानंतर लालबहादूर शास्त्री आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांच्यामध्ये फेऱ्या मारत होते. युद्धात जिंकलेली काश्मीरमधली हाजी पीर खिंड परत देणं भारतात कुणालाच रुचणारं नव्हतं. शास्त्रींबरोबर परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग होते आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही होते. सैन्याला माघारीचा आदेश ज्या खात्याला द्यावा लागणार, त्याचा मंत्री निर्णय होताना तिथे हजर होता. करारात माघारीची तारीख लिहिली होती: २५ फेब्रुवारी १९६६ पर्यंत दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी जायचं. १० जानेवारीला सह्या झाल्या आणि त्याच रात्री शास्त्रींचं निधन झालं. दोन नेत्यांत जी काही ओळख जुळली होती ती काही तासांत संपली. माघार मात्र ठरलेल्या तारखेला पूर्ण झाली.